अर्ध्या मिनिटात सातशे मिली

पापडाच्या खोक्यातून पिस्टन घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला अख्ख्या धंद्यात एकच भेटलं. दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या माझ्या दुकानात तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी आली, काउंटरवर खोका ठेवला आणि म्हणाली, "अंकल, हे बघा ना जरा. काय झालं असेल?"

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन होता. डोक्याला बरोबर मधोमध भोक, आणि भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या. मी त्या भोकाला एक डोळा लावून तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "उपाशी मेलाय हा."

"लेकिन अंकल, टाकी तर फुल होती!"

"घरात तांदळाचं पोतं असलं म्हणून पानात भात पडतोच असं नाही," मी म्हटलं. "वाढणारा कोण होता ते सांग."

वाढणारा म्हणजे पंप. इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल, लागेल त्या दाबाने, लागेल त्या क्षणी पोचवणारा पंप निवडून देणं हे माझं काम. आयुष्यभर मी तेच केलं. हे काही सांगण्याजोगं काम आहे असं माझ्या सासुरवाडीला आजही वाटत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं, की जावई काय करतात, तर सांगतात, "पंप बघतात." मग विचारणारा मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, पेट्रोल थोडं स्वस्तात मिळेल का.

तर ती मुलगी हर्षा. तिच्या वडिलांचं, गोपालसेठचं, त्याच बाजारात पापडाचं दुकान. बी.कॉम. झालेली मुलगी गल्ल्यावर बसेल असं सेठना वाटत होतं, पण मुलगी जाऊन बसली गाडीखाली. तेराशे सीसीची एक जुनी छोटी गाडी तिने घेतली आणि परदेशी भंगारातून आलेला टर्बो तिच्या इंजिनाला जोडून घेतला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही त्याच मापात जास्त द्यावं लागतं. ते कमी पडलं तर आत भट्टी पेटते आणि पिस्टन वितळतो. हर्षाच्या गाडीचं असं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा ती गाडी सेठच्या पापडाच्या टेम्पोला टोचन लावून, म्हणजे दोरीने ओढत, भर बाजारातून घरी आली. बाजाराला तेवढं पुरतं. "सेठ, आज कौनसा भुना, पापड या पिस्टन?" असं लोक तोंडावर विचारायला लागले.

दुसऱ्या दिवशी सेठ स्वतः आले. पांढरा सफारी, हातात किल्ल्यांचा जुडगा. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"गायकवाड साईं," ते म्हणाले, "अगले महिने इसकी रेस है. जीत-हार मुझे नहीं मालूम. गाडी अपने पैरों पे घर आनी चाहिए. रस्सी बांधके आयी, तो सीधा भंगार में, और ये दुकान पे बैठेगी. अपने पैरों पे आयी, तो मेरे बाजूवाला गाळा इसका. जो करना है करे."

हर्षा मागे उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. कॅम्प दोनमध्ये भर बाजारातला गाळा म्हणजे काय हे मला कळत होतं. माझा स्वतःचा गाळा मिळायला मला आधी एक नोकरी गमवावी लागली होती.

ती नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यातली. तिथे मी पंप टेस्टिंगला होतो. कारखाना बंद पडला, सामानाचा लिलाव झाला, आणि ज्या टेबलावर मी पंप तपासत होतो ते टेबल मी भंगाराच्या भावात विकत घेतलं. लोकांनी तिथून पंखे नेले, कपाटं नेली. मी टेबल नेलं. दाब दाखवणारं घड्याळ, दाब कमी-जास्त करायचा कॉक, काचेचं मोजपात्र, आणि पंपाला करंट द्यायच्या अंगठ्याएवढ्या जाड तांब्याच्या केबली. त्या केबलींचा मला फार अभिमान होता. पुढे त्यांनीच माझं नाक कापलं, ते सांगतोच.

आधी पंपाचं गणित सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढची गंमत कळणार नाही. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्याच्या नळाला धो धो पाणी येतं आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार. पाइप तोच, मोटर तीच. वर चढवायला जोर लागतो आणि जोर लावला की धार कमी होते. गाडीच्या पंपाचंही तसंच आहे. खोक्यावर छापलेलं असतं, तासाला दीडशे लिटर. ते तळमजल्यावरचं, म्हणजे पुढे काहीही अडवणूक नसतानाचं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपुढे तीन किलोचा दाब ठेवावा लागतो. टर्बो जेवढा दाब हवेत वाढवतो तेवढा पेट्रोललाही वाढवून द्यावा लागतो. त्या दाबाला त्याच पंपातून किती पेट्रोल पडतं हे खोक्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून मी नेहमी म्हणायचो, खोक्यावरचं खोटं नसतं, पण अर्धंच खरं असतं.

उरलेलं अर्धं माझ्या भिंतीवर होतं. दुकानाच्या मागे उघडी पडवी होती. तिथे माझं टेबल, आणि वर पाटी: "विडी, मोबाईल आणि फुकटचा सल्ला बंद." बाजारात आलेला प्रत्येक पंप मी टेबलावर चढवायचो, दाब लावायचो, घड्याळ धरून अर्धा मिनिट पेट्रोल मोजपात्रात घ्यायचो आणि भिंतीवर लिहायचो. पंपाचं नाव, दाब, अर्ध्या मिनिटात किती मिली. दहा वर्षांत भिंत भरली. कल्याण-ठाण्याचे मेकॅनिक वही घेऊन यायचे आणि ती भिंत उतरवून न्यायचे. एकाने तर चहा पाजून विचारलं होतं, "मास्टर, भिंत विकणार का?"

गिऱ्हाइकं मात्र भिंतीकडे बघायची नाहीत. एक ट्रान्सपोर्टवाले होते, त्यांना सगळं मोठं लागायचं. "जो सबसे बडा है वो लगा दो." मी सांगितलं, उरलेलं पेट्रोल परत टाकीत न्यायची नळी तुमच्या गाडीत बारीक आहे, मोठ्या पंपाचं पेट्रोल तिच्यातून जाणार नाही, दाब तुंबेल. ऐकलं नाही, दुसरीकडून बसवून घेतला. पंधरा दिवसांनी गाडी काळा धूर सोडत दारात. इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन झिंगलं होतं. उपाशी मरतं तसं इंजिन अजीर्णानेही मरतं, जरा सावकाश एवढंच.

दुसरे बदलापूरच्या पुढच्या गावातले एक शेतकरी. त्यांच्या जुन्या कार्बोरेटरच्या जीपला कोणीतरी नव्या गाडीचा पंप बसवून दिलेला. कार्बोरेटरला पाव किलो दाबही खूप होतो, तिथे हा तीन किलोने ढोसत होता. म्हणाले, "मास्तर, गारी पितं कमी नं सांडतं जास्त. मना तं बिडी पेटवाची भीती वाटतं." मी त्यांना बाजारातला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात अशक्त पंप दिला. ते दोनदा विचारून गेले, की मास्तर, नक्की एवढाच? पुढे तीन वर्षं ते दर गणपतीला भाताच्या पोह्यांची पिशवी आणून द्यायचे. योग्य पंप म्हणजे मोठा पंप नव्हे, हे मला त्यांच्या पोह्यांएवढं चांगलं कोणाला सांगता आलं नाही.

हर्षासाठी पंप निवडायला मला चार दिवस लागले. तिला दीडशे हॉर्सपॉवर हवी होती. तेवढी ताकद काढायची तर इंजिन तासाला साधारण पंचावन्न लिटर पितं. त्यावर हात राखून सत्तर. अर्ध्या मिनिटाचा हिशेब केला तर सहाशे मिलीच्या आतबाहेर. टर्बोसकट दाब पावणेचार किलो, मी चार धरला. म्हणजे चार किलोला अर्ध्या मिनिटात सहाशे मिली टाकणारा पंप हवा. पाच पंप चढवले. दोन कमी पडले, एक ओरडत होता, एक तिच्या टाकीत मावत नव्हता. पाचव्याने सातशे मिली टाकले. मोजपात्रातली रेघ मी हर्षाला दाखवली आणि म्हटलं, "आता तुझा पिस्टन म्हातारा होऊनच मरेल."

असं बोलू नये माणसाने.

नवा पिस्टन आणि पंप बसवून झाले, आता चाचणी घ्यायला मोकळा रस्ता हवा होता. मला एकच जागा आठवली, माझा बंद कारखाना. गेटपासून बॉयलर हाउसपर्यंत सरळ काँक्रीटचा रस्ता. वॉचमन तुकाराम माझ्याच खात्यातला, कारखाना गेला तरी हा राहिलेला. त्याने गेट उघडलं आणि हर्षाच्या गाडीकडे बघून म्हणाला, "गायकवाड, एवढ्या वर्षांनी इथे काहीतरी चालू होतंय बघ." मी हसलो. ज्या शेडमध्ये दिवसाला दोनशे पंप तपासले तिच्या पत्र्यातून पिंपळ आला होता.

दाबाचं घड्याळ आम्ही काचेच्या बाहेरून चिकटपट्टीने लावलं. पेट्रोलची नळी गाडीत आणायची नसते, म्हणून ते बाहेर लावून आतून बघायचं. काचेवर लाल स्केचपेनने खूण केली. टर्बो पूर्ण जोरात असताना काटा या खुणेखाली आला तर तत्काळ पाय काढायचा. हर्षा चालवायला, मी शेजारी. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, टर्बोची शिट्टी सुरू झाली आणि काटा वर चढायच्या ऐवजी खाली घसरला. हर्षाने पाय काढला.

फिल्टर बदलला, काटा पडला. दाब सांभाळणारा रेग्युलेटर बदलला, पुन्हा पडला. ऊन वाढत होतं. तुकाराम पाणी घेऊन आला. हर्षा बोनेटला टेकून विचार करत होती. म्हणाली, "अंकल, टेबलवर पंपला किती व्होल्ट मिळतात?"

"मिळायचे तेवढे मिळतात."

"और गाडीमध्ये?"

मला राग आला. तुकारामसमोर, माझ्याच कारखान्यात, पापडवाल्याची पोर मला पंप शिकवणार! "हे बघ," मी म्हटलं, "तू दोन इंजिनं फोडलीस, मी एकही नाही. पंपाचं मला कळतं." तिचा चेहरा उतरला. "ठीक है, अंकल," एवढंच म्हणाली आणि बोनेट लावून टाकलं. माझं ते वाक्य मला आज इतक्या वर्षांनीही टोचतं.

संध्याकाळी घरी आलो तर आमच्याकडची वीज नुकतीच परत आली होती. भारनियमनाचे दिवस, वीज यायची तीही अर्धी. शोभा, माझी बायको, मिक्सरवर चटणी वाटत होती आणि मिक्सर आजाऱ्यासारखा कण्हत होता.

"अहो, करंट कमी आलाय वाटतं," ती म्हणाली. "बघा ना कसा रडतोय. खोबरं नुसतं फिरतंय."

मी हातातला चहा खाली ठेवला. हा आवाज मी सकाळीच ऐकला होता. टेबलावर पंप बारीक, ताठ आवाजात गातो. गाडीत चावी फिरवली तेव्हा तोच पंप एक पट्टी खाली होता. मला ते जाणवलं होतं. टाकीत बंद आहे, म्हणून आवाज दबला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की पंप बोलतो, ऐकायला शिका. आणि बोलला तेव्हा मीच कानात बोळे घालून बसलो.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सेठच्या दुकानात गेलो. हर्षा पापडाच्या गड्ड्या रचत होती. तिच्या वडिलांसमोरच म्हटलं, "चुकलो, पोरी. काल तू बरोबर विचारलं होतंस. मीटर घेऊन ये." सेठ एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. हर्षाने गड्डी तशीच सोडली आणि मीटर आणायला अक्षरशः पळाली.

टेबलावर साडेतेरा व्होल्ट होते. गाडीत, पंपाच्या टोकाला, चालू इंजिनावर दहा पॉइंट चार. बॅटरी चांगली, पण पुढून मागच्या टाकीपर्यंत येणारी वायर जुनी, दोऱ्याएवढी बारीक, आणि बॉडीला जोडलेलं तिचं दुसरं टोक गंजून लाल झालेलं. करंट वाटेतच थकत होता. मी ती गाडीतली वायर काढली, माझ्या जाड केबलींच्या जागी टेबलाला लावली आणि तोच पंप चालवला. चार किलोला अर्ध्या मिनिटात चारशे तीस मिली. सातशेचे चारशे तीस!

मग मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. दहा वर्षांचे आकडे. सगळे त्या अंगठ्याएवढ्या केबलींवर मोजलेले, कारखान्याची केबल, कारखान्याचा करंट. अशी केबल कुठल्याही गिऱ्हाइकाच्या गाडीत नव्हती. मी खोक्यांना अर्धं खरं म्हणत होतो आणि माझी भिंत म्हणजे तसंच एक मोठं खोकं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. हिशेबात मी हात राखत होतो म्हणून बहुतेकांची इंजिनं वाचली असणार. पण दोघे-तिघे पुन्हा कधी दुकानात आलेच नाहीत. ते का आले नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजल्यासारखं झालं.

हर्षा भिंतीकडेच बघत होती. मला वाटलं आता ही बोलणार, आणि तिने बोलावं असं मलाही वाटत होतं. ती म्हणाली, "अंकल, जागा आहे बाजूला. अजून एक रकाना होईल."

पुढचे दिवस आम्ही दोन कामं केली. तिच्या गाडीत बॅटरीपासून थेट पंपापर्यंत नवी जाड वायर टाकली, मध्ये फ्यूज आणि रिले, आणि गंज खरवडून नवं अर्थिंग. पंपाच्या टोकाला तेरा व्होल्टच्या वर मिळाले. पंप पुन्हा त्याच्या खऱ्या पट्टीत आला. तुकारामच्या रस्त्यावर काटा लाल खुणेच्या वर असा उभा राहिला की तुकारामच टाळ्या वाजवायला लागला. दुसरं काम म्हणजे माझ्याकडे नंबर असलेल्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून बोलावलं, वायर तपासली, धड नसेल तर बदलून दिली. काहींनी विचारलं, "मास्टर, आज अचानक काय?" मी सांगत होतो, "मोजायला चुकलो होतो." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. पाचव्या-सहाव्या वेळी मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं, हे कबूल करतो.

शर्यत एका खाजगी धावपट्टीवर होती, पाव मैलाची. सेठ पापडाचा टेम्पो घेऊन आले होते. मागे, रिकाम्या पापडाच्या टोपल्यांवर, टोचनची दोरी गुंडाळून ठेवलेली. "मैं तैयारी रखता हूं," ते म्हणाले. हर्षा दोनदा धावली. मला बाजूला उभं राहून काटा दिसत नव्हता, फक्त आवाज ऐकू येत होता. शिट्टी चढली, चढतच गेली, कुठेही अडखळली नाही. ती वळून आली तेव्हा हेल्मेट काढायच्या आधी काचेतून मला लाल खुणेवर बोट ठेवून दाखवलं आणि मान हलवली. काटा खाली आला नव्हता. तिचा नंबर चौथा आला. तिच्या पुढचे तिघे मोठ्या इंजिनांचे होते. बक्षीस नव्हतं, पण मी तिथल्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो, पंप माझा आहे.

आणि आनंदात आम्ही दोघेही एक गोष्ट विसरलो. गाडी हलकी राहावी म्हणून शर्यतीला टाकीत अगदी तळाला पेट्रोल ठेवलं होतं. निघताना भरायचं होतं. पाच लिटरचा कॅन सेठच्या टेम्पोत तसाच राहिला.

घर दोन-तीन किलोमीटरवर आलं होतं. शहाडजवळ गाड्यांची ही रांग. दुपारचं ऊन, बंपरला बंपर. हर्षाची गाडी एकदा हिसकली, पुन्हा हिसकली आणि बंद पडली. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. तिने चावी फिरवली, इंजिन नुसतं गरगरलं. मी वळून मागे बघितलं तर सेठ टेम्पोतून उतरून आमच्याकडे चालत येत होते. खांद्यावर दोरी.

हर्षाने चावीवरचा हात काढला. "अंकल," ती म्हणाली, "गया."

"चावी फक्त अर्धी फिरव," मी म्हटलं, आणि मागे जाऊन टाकीशी कान लावला. या वेळी नीट ऐकलं. पंप फिरत होता, पण कोरडा, चरचरत, फोडणी जळावी तसा. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. तळाला उरलेलं पेट्रोल तापलं होतं, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत होता. पंप मेलेला नव्हता. तहानलेला होता.

सेठ दोरीचा आकडा पुढच्या बंपरखाली घालायला वाकले होते. मी म्हटलं, "सेठ, दोरी ठेवा. टेम्पोतला कॅन द्या. पाच मिनिटं."

"साईं, पीछे लोग गाली दे रहे हैं."

"देऊ द्या. मी खातो."

पाच लिटर पेट्रोल आत गेलं. शेजारच्या टपरीवाल्याकडून बादलीभर पाणी घेतलं, फडका भिजवून टाकीखाली धरला. हर्षाने चावी अर्धी फिरवली. चरचर. बंद. पुन्हा अर्धी. चरचर कमी. तिसऱ्यांदा पंपाचा आवाज हळूहळू चढत त्याच्या पट्टीवर आला, तोच बारीक, ताठ आवाज. तो मी झोपेतही ओळखेन. मी टाकीवर थाप मारली आणि ओरडलो, "लाव!"

गाडी सुरू झाली. बाजारातून आम्ही गेलो तेव्हा गाडी पुढे आणि टेम्पो मागे होता. दोनदा बाजाराने याच्या उलट बघितलं होतं. पापडाच्या दुकानासमोर हर्षाने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं नाही. तसंच चालू ठेवून ती वडिलांकडे बघत राहिली. सेठनी सगळ्या बाजारासमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बंद कर, बेटा. पेट्रोल जलता है."

महिन्याभराने गाळा रिकामा झाला. उद्घाटनाला मला बोलावलं. फीत नव्हती. सेठनी शटरच्या दोन्ही कड्यांना टोचनची तीच दोरी बांधली होती, मध्ये मोठी गाठ. "कैंची नहीं है, साईं," ते म्हणाले, "गांठ आप खोलो." दोनदा गाडी ओढून ती दोरी घट्ट पिळवटलेली होती. नखं लावून, दात लावून, लोकांच्या हसण्यात मी ती सोडवली. हर्षाने शटर वर केलं.

आत टेबल नवं होतं, केबली साध्या गाडीच्या वायरीच्या. भिंतीवर तिने ऑइल पेंटने तक्ता आखला होता. पहिल्या ओळीत आमचाच पंप, चार किलो, आणि पुढे एकच आकडा. मी विचारलं, "अगं, आपण दोन रकाने ठरवले होते ना? टेबलावरचा कुठंय?"

"तो नाही ठेवला, अंकल," हर्षा म्हणाली. "तो फक्त तुमच्या भिंतीवर शोभतो."

सगळे हसले, आणि सगळ्यात जास्त मी. मग मी चष्मा काढून पुसला आणि तो आकडा पुन्हा वाचला. तो तिने गाडीतल्या वायरीवर, गाडीतल्या व्होल्टवर, स्वतः मोजला होता. सहाशे सत्तर. माझ्या सातशेपेक्षा तीस मिलीने कमी, आणि पूर्ण खरा.